घट्ट धर, झट सोड!

भीमाशंकरपासून नाणेघाटापर्यंत, पिनांच्या करामती

भीमाशंकरच्या देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बेल-फूल, पेढे आणि रुद्राक्षाच्या माळांच्या गर्दीत बांगड्या-टिकल्यांची दुकानं असतातच. तिथे लटकवलेल्या एका पुठ्ठ्याकडे सहसा कुणी निरखून बघत नाही. त्यावर ओळीने पिना टोचलेल्या असतात. सेफ्टी पिना, काळ्या पिना, आकडे, टिकटिक पिना. किंमत फुटकळ, पण प्रत्येकीमागचं डोकं भारी.

खिळा आणि पिन एकाच धातूची भावंडं. पण खिळा हा घरजावई, एकदा आत शिरला की निघायचं नाव नाही. पिन मात्र पाहुणी. काम असेपर्यंत पाय रोवून उभी राहील आणि काम झालं की हसत निघेल. म्हणून पिन बनवणाऱ्याला कायम दोन प्रश्न सोडवावे लागतात. काम चालू असताना ती निसटू कशी द्यायची नाही? आणि काम संपल्यावर ती सोडवायची कशी? आंबेगाव-जुन्नरच्या जंगलात, शेतात, बाजारात आणि कड्यांवर या दोन प्रश्नांची भन्नाट उत्तरं सापडतात.

तीन तासांत पिन, चारशे डॉलरला सौदा

आपण वापरतो त्या सेफ्टी पिनेचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट या खटपट्या माणसाला १० एप्रिल १८४९ रोजी मिळालं. असं सांगतात की त्याच्या डोक्यावर १५ डॉलरचं देणं होतं. ते कसं फेडावं या विचारात तो हातातली तार पिळत बसला आणि तीन तासांत पिन तयार झाली. हक्क त्याने ४०० डॉलरला विकून टाकले. देणं फिटलं, पण घबाड दुसऱ्यांच्या हाती गेलं.

कपडे अडकवायच्या पिना ग्रीक आणि रोमन लोकांकडेही होत्या. त्यांचा इतिहास तीन हजार वर्षांहून जुना. हंटची हुशारी अशी की त्याने वेटोळ्याची स्प्रिंग आणि टोक झाकणारी टोपी यांची जोडी जमवली. वेटोळं टोकाला सतत बाहेर ढकलत राहतं आणि टोपी त्याला अडवून धरते. या दोघांच्या रस्सीखेचीत पिन बंद राहते. उघडायची तर टोक जरासं दाबायचं, की रस्सीखेच संपली.

मराठी बायकांनी हिला मंगळसूत्रात नाहीतर बांगडीत कायमची जागा देऊन टाकली. एसटीत चपलेचा अंगठा तुटो, पिशवीचा बंद सुटो, पोराच्या चड्डीचं बटण उडो, बांगडीतून एक पिन निघते आणि वेळ निभावते.

मणी ओवा, पदर वाचवा

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात.

तमाशातली नऊवारी मुळात गाठीवर उभी राहते. कमरेला गाठ, पुढे निऱ्या, मागे कासोटा. पिनेची गरजच नाही. पण ढोलकी कडाडली आणि गिरकी घ्यायची म्हटलं की पदर जागच्या जागी हवा. तिथे पिना आल्या, आणि त्यांच्याबरोबर जुनं दुखणंही आलं. पिनेच्या वेटोळ्यात कापड अडकतं आणि ओढायला गेलं की जरीचा धागा तुटतो.

यावरचा उतारा एका मण्याचा. पिन उघडायची, तिच्यात छोटा मणी ओवायचा आणि तो पार वेटोळ्यापर्यंत सरकवायचा. मग पिन पदराला लावायची. कापड मण्यापाशीच थांबतं, वेटोळ्यात शिरत नाही. दुसरी युक्ती, जाड काठातून पिन जात नसेल तर टोक आधी साबणाच्या वडीत खुपसून काढायचं. साबणाचा पातळ थर बसला की पिन सुळकन जाते. आणि तिसरी, पदराच्या घड्या एका पिनेत धरायच्या आणि ब्लाउजला पदर दुसरीने लावायचा. सगळा भार एकीवर टाकला की ती वाकते आणि ऐन रंगात आलेल्या लावणीत पदर सुटतो.

नागमोडी बाजू खाली!

काळ्या पिनेचा एक पाय सरळ आणि दुसरा नागमोडी असतो. बहुतेक जणी नागमोडी बाजू वर ठेवतात, कारण तीच दिसायला छान वाटते. खरं तर ती डोक्याच्या बाजूला, म्हणजे खाली हवी. त्या वळणांमध्ये केस अडकून बसतात आणि पिन घसरत नाही. ही पिन जगभर पसरली ती १९२०च्या दशकात, बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली तेव्हा. मोकळे आखूड केस आवरायला दुसरं काही कामाला येईना.

अंबाड्याचा आकडा अगदी उलट स्वभावाचा. त्याचे दोन्ही पाय मोकळे, चिमटीत धरणं त्याला माहीतच नाही. तो केसांच्या दाटीवर विसंबतो. म्हणून विरळ केसांत आकडा टिकत नाही आणि भरघोस खोप्यात हलत नाही. आकडा खोचतानाही रीत आहे. आधी बाहेरच्या थोड्या केसांत उलटा घालायचा, मग फिरवून अंबाड्यात दाबायचा. फिरवताना केसांना पीळ बसतो आणि तोच पीळ आकड्याला धरून ठेवतो.

आणि शाळकरी मुलींच्या टिकटिक पिना? त्यांचा पत्रा मुद्दाम किंचित फुगीर केलेला असतो. अशा फुगीर पत्र्याला दोनच अवस्था आवडतात, पूर्ण उघडी आणि पूर्ण मिटलेली. मध्ये थांबायला तो तयारच नसतो. एका बाजूने दाबलं की टिक, दुसऱ्या बाजूने दाबलं की टिक. वर्गात बाईंचा ओरडा खायला एवढं पुरे.

कानामागची कारागिरी

कुडीच्या दांडीवर आटे पाडलेले असतात आणि मागून फिरकी बसते. आटे कशाला? सरळ दांडीवरची फिरकी एका झटक्यात निघून येते. आट्यांवरची मात्र गोल गोल फिरवल्याशिवाय निघत नाही, आणि झोपेत कुणी कानामागे फिरकी फिरवत नाही. सोनं सांभाळायचं म्हटल्यावर सोडवण्याची सोय जराशी अवघड ठेवणंच शहाणपणाचं.

नाक टोचलेलं नसेल त्यांच्यासाठी चापाची नथ. तिथे टोकच नाही, नुसता दाब. अग्रफूल, केवडा, राखडी हे जुने दागिने मात्र अंबाड्यात रुतून बसायचे.

जंगलातली टाचणी

धातूची पिन बाजारात येण्याआधी झाडं होतीच. गावजेवणाला पत्रावळी लावायच्या तर पानावर पान ठेवून बांबूच्या बारीक चोयांनी टाचायचं. चोय पानातून खाली घालून पुन्हा वर काढायची आणि उरलेलं टोक मोडून टाकायचं. वाळताना पान आक्रसतं आणि चोयीला आणखी घट्ट धरतं. ना गंज, ना धुणं. जेवण झालं की सगळं उकिरड्यावर, आणि त्याचंच पुढे खत. फक्त जेवणाऱ्याने घास घेताना एक डोळा पानावर ठेवायचा. तुटकी चोय भातात आली तर टाळ्याला टोचते.

बाभळीचा काटाही असाच हरहुन्नरी. कागदाची पुडी बंद करायची असो की पोत्याचं तोंड, काटा टोचला की काम झालं. आणि पायात काटा मोडलाच, तर काट्याने काटा काढायला मंडळी तयार. हल्ली तेही काम सेफ्टी पिनेकडे आलंय. फक्त काढण्याआधी तिचं टोक ज्योतीवर धरून निर्जंतुक केलेलं बरं.

भुंगेऱ्याचा उजवा पंख

भीमाशंकरचं जंगल १९८५मध्ये अभयारण्य झालं. सुमारे १३० चौरस किलोमीटरच्या या रानाची ओळख शेकरूमुळे, पण इथल्या किड्यांची दुनियाही अफाट आहे. कीटकांचा अभ्यास करणाऱ्यांची पिन वेगळीच असते. लांबी सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे साध्या टाचणीपेक्षा बरीच जास्त. कारण एकाच पिनेवर वर कीटक आणि खाली त्याच्या नावगावाच्या चिठ्ठ्या अशी उतरंड लावायची असते. कीटकाला पुन्हा हात लावायचा नाही, धरायचं ते फक्त पिनेचं डोकं.

गंमत पुढेच आहे. फुलपाखराला पिन छातीच्या बरोबर मधोमध टोचतात, पण भुंगेऱ्याला उजव्या पंखाच्या ढालीतून. मधोमध टोचली तर ओळख पटवायच्या नेमक्या खुणा बिघडतात. उजवीकडे टोचली तर डावी बाजू तरी धड राहते. जगभरच्या संग्रहालयांत हाच रिवाज. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. असे संग्रह सांभाळणं हे तिथलं काम. अभयारण्यात मात्र परवानगीशिवाय किडामुंगी गोळा करणं हा गुन्हा आहे. हौशी मंडळींनी कॅमेरा काढावा, पिन नाही.

एका टाचणीची अठरा कामं

अर्थशास्त्राचा पाया ज्या पुस्तकाने घातला त्याची सुरुवातच टाचणीने होते. ॲडम स्मिथने १७७६ साली लिहिलं की तार ओढणं, सरळ करणं, तोडणं, टोक काढणं, डोकं बसवणं अशी टाचणी करण्यात सुमारे १८ कामं असतात. एकट्याने सगळी करायची म्हटली तर दिवसाला २० टाचण्याही मुश्कील. पण दहा माणसांनी कामं वाटून घेतली तर दिवसाला ४८,००० टाचण्या! म्हणजे माणशी ४,८००.

टाचणीची ही गोष्ट इतकी गाजली की २००७मध्ये ब्रिटनच्या २० पौंडांच्या नोटेवर स्मिथच्या चेहऱ्याशेजारी टाचणीचा कारखानाही झळकला. नोटेवर मान मिळवणारी टाचणी ती बहुधा एकटीच. आपल्याकडे मात्र नोटेशी तिचं नातं अगदी उलट निघालं.

नोटांतून पिन हद्दपार

मंचर किंवा नारायणगावच्या बाजारात बटाटा-टोमॅटोचे पैसे रोखीने मोजणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असेल. बँकेतून आलेल्या नोटांच्या बंडलाला जाडजूड तारेची पिन मारलेली असायची. ती उचकटायला चावी, पकड, प्रसंगी दातसुद्धा. नोट सुटायची, पण कोपऱ्याला दोन भोकं घेऊन. चार बँका फिरलेल्या नोटेची पार चाळण व्हायची.

रिझर्व्ह बँकेने १९९९मध्ये स्वच्छ नोटांचं धोरण आणलं आणि २००१मध्ये बँकांना नोटांच्या बंडलांना पिना मारायला बंदी केली. तेव्हापासून कागदी पट्टी आणि रबर बँड. धरायला घट्ट, पण सोडायला त्रासदायक, अशी पिन शेवटी नापास झाली.

स्टेपलरचं गुपित

स्टेपलरच्या पिनांच्या डबीवर २४/६ असं लिहिलेलं असतं. हा अपूर्णांक नव्हे. २४ हा तारेच्या जाडीचा क्रमांक आणि ६ म्हणजे पायाची लांबी मिलिमीटरमध्ये. सहा मिलिमीटरचे पाय पाच-पंचवीस कागदांतून आरपार जाऊन वळू शकतात. सातबारा, दाखले, प्रतिज्ञापत्रं असा घोडेगावच्या कचेरीत द्यायचा जाडजूड गठ्ठा या पिनेच्या आवाक्याबाहेरचा. तिथे भोक पाडून टॅगच लावावा लागतो.

टेबलावरच्या मोठ्या स्टेपलरच्या खाली एक छोटी पोलादी पत्री असते. ती खालून दाबून अर्धी फिरवली की पिनेचे पाय आत न वळता बाहेर पसरतात. कशाला? तर ही तात्पुरती पिन. नखाने ओढली तरी कागद न फाडता निघते. अर्ज परत काढायचाय, प्रत बदलायचीय, तर ही सोय उत्तम. वर्षानुवर्षं स्टेपलर वापरणाऱ्या कित्येकांना ती पत्री फिरते हेच माहीत नसतं.

स्टोव्हला पिन मारली का?

रॉकेलच्या स्टोव्हची पिन म्हणजे पत्र्याच्या चिंचोळ्या पट्टीच्या टोकाला बसवलेली केसासारखी बारीक तार. स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने १८९२च्या सुमारास हवा भरायचा बिनवातीचा स्टोव्ह काढला आणि पुढे तो आपल्या घराघरांत फरफरू लागला. टाकीत हवा भरली की दाबाने रॉकेल तापलेल्या नळीतून वर येतं, त्याची वाफ होते आणि निपलच्या सुईएवढ्या भोकातून ती जोरात बाहेर पडून पेटते. भोकात काजळी बसली की ज्योत पिवळी, भांडी काळी आणि घरभर धूर.

मग पिनेचा शोध सुरू व्हायचा. ती नेमकी वेळेला सापडायची नाही, जागा मात्र ठरलेली, फडताळाच्या फटीत, काडेपेटीखाली. पिन भोकात सरळ घालून सरळ काढायची. तिरकी गेली तर तार आतच तुटायची आणि मग निपलच बदलावं लागायचं. पिनांच्या खानदानात ही जरा वेगळी, काहीच धरून ठेवत नाही. अडलेलं मोकळं करणं एवढंच तिचं काम. गॅस आला आणि ती गेली.

तिसरी पिन लांब का?

थ्री-पिन प्लगची वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे प्लग आत ढकलताना तिचा संपर्क सगळ्यात आधी होतो आणि काढताना सगळ्यात शेवटी तुटतो. म्हणजे वीज येण्याआधी पहारेकरी हजर आणि वीज गेल्यावरच तो जाणार. जाड अशासाठी, की चुकूनही ती वीजवाहू भोकात शिरू नये. बऱ्याच सॉकेटमध्ये ती आत गेल्यावरच खालच्या दोन भोकांवरची झाकणं उघडतात. लहान मूल खिळा नाहीतर चमचा घालायला गेलंच तर झाकण बंद.

म्हणून ती पिन कापून टाकायची किंवा दोन भोकांत काड्या खुपसून काम भागवायचं ही हुशारी नव्हे. पावसाळ्यात पंपाच्या लोखंडी अंगाला ओला हात लावणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि झटक्याच्या मध्ये उभी असते ती हीच.

बारीक पिनचा चार्जर आहे का?

एके काळी प्रत्येक लग्नघरात हा सवाल ऐकू यायचा. नोकियाच्या जुन्या फोनची जाड पिन साडेतीन मिलिमीटरची आणि नव्या फोनची बारीक पिन दोन मिलिमीटरची. घरात एक जाडा, एक बारीक आणि पाहुण्याचा तिसराच. आता टाइप-सीने भांडण बरंचसं मिटवलं. तिच्या एवढ्याशा तोंडात २४ संपर्कबिंदू असतात आणि तेही दोन्ही बाजूंना अशा जोड्यांनी की सरळ घाला नाहीतर उलटी, चालतंच.

फोनबरोबर मिळणारी सिम काढायची पिन मात्र पहिल्याच आठवड्यात हरवते. मग कानातल्याची दांडी, सरळ केलेली स्टेपलर पिन, सेफ्टी पिन. चालतं सगळं, फक्त भोक नीट बघा. काही फोनांत शेजारीच माइकचंही तेवढंच भोक असतं. तिथे पिन खुपसली तर सिम निघणार नाही, आवाज मात्र जाऊ शकतो.

शिवळेपासून ट्रॉलीपर्यंत

बैलाच्या जुवाला दोन्ही टोकांशी भोकं असतात आणि त्यांत लाकडी शिवळा बसवतात. बैलाची मान दोन शिवळांमध्ये, खालून जोतं बांधलं की बैल जुंपला. शिवळ वरून घातलेली असते आणि स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. बैल पुढे ओढतो, त्याने शिवळ वर उचलली जात नाही. सोडायचं तर वरून उपसली, की बैल मोकळा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची जाड पिन नेमकी त्याच अकलेने बनवलेली आहे. तीही उभी, वरून घातलेली. ओढ आडवी, पिन उभी, मग ती निसटेल कशाला? दणक्याने वर उडू नये म्हणून खालच्या भोकात छोटी क्लिप. पारगावच्या भीमाशंकर साखर कारखान्याकडे किंवा जुन्नरच्या विघ्नहरकडे उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरमागे जाताना दिसतात, तेव्हा तो टनावारी ऊस मनगटाएवढ्याही नसलेल्या पिनांवर चाललेला असतो. म्हणून ट्रॉलीमागे गाडी चिकटवणाऱ्यांनी थोडं अंतर राखावं. क्लिपेच्या जागी बांधलेली सुतळी पाहिली असेल तर जरा जास्तच.

एक पाय लांब, एक आखूड

नटबोल्ट सैल होऊ नये म्हणून त्यातून आरपार घालतात ती दुपायी स्प्लिट पिन. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असतो. कारखान्यातली चूक वाटते, पण ते मुद्दाम. दोन्ही पाय सारखे असते तर ते फाकवायला फटीत अवजार घुसलंच नसतं. लांब पायाला धक्का देता येतो. वापरलेली पिन सरळ करून पुन्हा घालायची नाही, हा गॅरेजचा पहिला धडा. वाकून सरळ झालेली तार पुढच्या वेळी तुटणार हे ठरलेलं.

जुन्या सायकलच्या पॅडलचं कॉटर याहून बेरकी. एका बाजूने सपाट, पाचरीसारखं. दोन्ही पॅडलची कॉटरं एकमेकांच्या उलट दिशेने ठोकावी लागतात. दोन्ही एकाच बाजूने ठोकली तर पॅडल समोरासमोर येत नाहीत आणि सायकल लंगडत चालल्यासारखी वाटते.

खुंटीची वाट आणि गाणारी मेख

माणिकडोह धरणाच्या बाजूचा हडसर किल्ला चढायला दोन वाटा. एक राजदरवाज्याची, दुसरीचं नावच खुंटीची वाट. कड्यात लोखंडी खुंट्या ठोकून गावकऱ्यांनी ती केली. एका खुंटीवर पाय, दुसरीला हात. खुंटी जराशी वर तोंड करून ठोकलेली असली तर भार पडल्यावर ती खडकात आणखी रुतते. खाली झुकलेली असली तर दर पावलाला थोडी थोडी बाहेर येते.

तिकडे नाणेघाटाजवळ जीवधनच्या शेजारी वानरलिंगीचा सुळका उभा आहे. प्रस्तरारोहकांचं हे आवडतं ठिकाण. सुळके चढणारे खडकाच्या भेगेत पिटॉन नावाची पोलादी मेख ठोकतात. ती नीट बसतेय की नाही हे कानाला कळतं. पक्की बसणारी मेख दर घावाला आधीपेक्षा वरच्या सुरात वाजते. आवाज बद्द येऊ लागला तर खडक पोकळ आहे किंवा भेग फाकतेय, तिच्यावर जीव टांगायचा नाही. उतरताना मेखेला डाव्या-उजव्या अंगाने ठोकून सैल करतात आणि काढून घेतात. पण पुन्हा पुन्हा ठोकल्याने खडकाला जखमा होतात. म्हणून आता न ठोकता भेगेत अडकवायच्या धातूच्या पाचरी आल्या. दोर ओढला की त्या घट्ट बसतात, उलट्या दिशेने हलवल्या की सुटतात.

खोडदची खीळ

जुन्नर तालुक्यातच खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून या तबकड्या भरीव पत्र्याऐवजी ०.५५ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या तारांच्या जाळीने बनल्या. वारा जाळीतून निघून जातो, वजनही वाचतं, खर्चही. तरी वारा तो वाराच. ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेला की निरीक्षण थांबवतात, अँटेनांची तोंडं सरळ आकाशाकडे करतात आणि त्या हलू नयेत म्हणून अडसर घालून अडकवून ठेवतात. वारा पडला की अडसर मागे आणि कान पुन्हा तारकांकडे.

चटकन तीन

आग विझवायच्या सिलिंडरला एक कडी असलेली पिन असते आणि तिला प्लॅस्टिकचं बारीक सील. घाबरलेला माणूस नुसताच खटका दाबत बसतो. आधी पिन ओढायची, मगच खटका चालतो.

हात मोडल्यावर डॉक्टर हाडात घालतात ती बारीक तार जर्मन शल्यचिकित्सक मार्टिन किर्शनर यांनी १९०९मध्ये आणली. तिचं टोक बऱ्याचदा कातडीबाहेर ठेवतात, म्हणजे हाड जुळलं की पुन्हा चिरफाड न करता ओढून काढता येतं.

भीमाशंकरच्या पावसात कपडे वाळतील याची खात्री नाही, पण उडणार नाहीत याची आहे. दोन लाकडं आणि मध्ये स्प्रिंग असलेला चिमटा अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथने १८५३मध्ये काढला.

तुटण्यासाठी जन्मलेली

आणि शेवटी सगळ्यात शहाणी पिन. ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरत असतो आणि मध्येच पात्यात दगड अडकतो. इंजिन जोर लावतंय, पातं हलत नाही. आता काहीतरी तुटणारच. काय तुटावं हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शाफ्टमध्ये बाकी लोखंडापेक्षा मुद्दाम कच्ची ठेवलेली एक शिअर पिन असते. ती कटकन कापली जाते, पातं थांबतं आणि गिअरबॉक्स वाचतो. दगड काढा, नवी पिन घाला, चला पुढे.

सारखी तुटते म्हणून वैतागून तिच्या जागी जाडजूड पोलादी बोल्ट ठोकणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. त्यांचा बोल्ट खरोखरच कधी तुटत नाही. काही रुपयांची पिन वाचते, आणि पुढच्या दगडाला गिअरबॉक्सचं बिल घरी येतं.